कमरेएवढं पाणी

भागिरथाबाईंचे गुडघे धरले होते. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, आराम पडेल. नवरा माणिकराव, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, लगेच म्हणाले, "पैनगंगा हाये ना आपली!"

दिवाळी होऊन गेली होती, नदी निवळली होती. साडी पाण्यात पायात अडकते म्हणून भागिरथाबाईंनी लेकीचा, पौर्णिमाचा, जुना पंजाबी ड्रेस घातला. कोणी पाहील म्हणून वाटभर अंगावर चादर. माणिकरावांनी लांब दोरी बांधलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन आणला होता. आधी त्यांनी बांबू टेकवत टेकवत तळ तपासला, वाळू उपसलेले खड्डे हेरले. मग म्हणाले, "हे इथंच. कमरेच्या वर जायचं नाई. अन् कोणी बुडून राह्यलं तरी त्याच्यामागं पाण्यात जायचं नाई, काठावरून कॅन फेकायचा."

"मले भेव लागते, जी."

"मी हाओ ना."

त्यांनी तिच्या पाठीखाली दोन्ही हात धरले. "मान सैल सोड. वर पाय." कान पाण्याखाली गेले, आवाज बंद झाले. वर नुसतं आभाळ. किती वर्षांनी गुडघ्यांवर कसलाच भार नव्हता. भागिरथाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते नदीत मिसळलं.

असे बरेच दिवस गेले. एका सकाळी ती काठाला बसली असताना माणिकरावांना हुक्की आली. "पाह्य, जवानीत मी पार जात होतो!" अन् निघालेच. मधल्या डोहात पोचले आणि एकदम थांबले. पोटरीत गोळा आला होता. डोकं खाली गेलं, वर आलं.

"अहो!" ती ओरडून धावली. पाणी कमरेला लागलं तशी थबकली. पुढं जावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. ती मागं वळली, दोरीचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि कॅन भिरकावला. अलीकडेच पडला. ओढून पुन्हा फेकला.

"पकडा! छातीशी धरा! हातपाय नका मारू!"

त्यांनी कॅनला मिठी मारली. ती वाळूत पाय रोवून ओढत राहिली. दोरीनं तळवे सोलले.

माणिकराव काठावर आडवे पडून खोकत होते. ती त्यांची पोटरी चोळत होती.

"माह्यं चुकलं," ते म्हणाले. "रागावली काय?"

"रागावली ना!" तिचा आवाज फुटला. "तुमी गेले असते तर मी घरी कोणाशी भांडली असती?"

ते हसायला गेले आणि रडायलाच लागले. तिनं चादर त्यांच्या खांद्यावर टाकली. गावात शिरताना चौकात माणसं बसली होती. ती त्या भिजल्या ड्रेसमध्येच, त्यांचा हात धरून, सगळ्यांसमोरून घरी आली.