बांधातलं बिऱ्हाड

सरकारी तळं पुन्हा भरायचं तर ओढ्याचं पाणी तळ्यात येऊ न देणारा मधला जुना बांध फोडायला हवा, हे सगळ्यांना मान्य होतं. पण चांगल्या कामालाही आधी पर्यावरणाची पाहणी लागते, आणि पाहणीसाठी आमच्या खात्याकडे पैसे नव्हते. मग गाद्यांचा कारखाना विकून मोकळे झालेले एक आजोबा पुढे आले. पाहणीचा खर्च त्यांचा, म्हणजे माझा पगारही त्यांचाच. खात्याने एकच अट घातली: पैसे देणाऱ्याने पाहणी करणारीशी एक अक्षरही बोलायचं नाही.

"समोर आले तर?" मी साहेबांना विचारलं.

"हसायचं. तेही बेताचं."

आजोबा रोज सकाळी बांधावर समोर यायचे. मी बेताचं हसायचे. पाळणाघर उघडायच्या आधीच मला तिथं जावं लागे, त्यामुळे माझी लेक ढमी पाठीला बांधलेली. तिला दात येत होते आणि चावायला तिने माझी वेणी पसंत केली होती.

अटीत ढमीचा उल्लेख नव्हता. हे माझ्याआधी आजोबांच्या लक्षात आलं.

"काय गं ढमाबाई," ते तिला म्हणाले, "आईचं काम कुठवर आलं? मला घाई नाही हो. डॉक्टरांना आहे. पुढच्या वर्षाचं काही विचारलं की ते चष्मा पुसत बसतात."

ढमीने वेणी चावली.

"आमची ही इथंच पोहायला शिकली. तेवढं पाणी एकदा बघितलं की झालं. पावसाच्या आत बांध फुटायला हवा, एवढंच."

मी काही ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बांधाच्या पोटात बीळ सापडलं. दाराशी माशांचे खवले, आत बारीक चिवचिव. पाणमांजरीने बिऱ्हाड थाटलं होतं. पिलं बाहेर पडेपर्यंत पाऊस येणार, म्हणजे काम पुढच्या वर्षावर. बीळ मी एकटीने पाहिलं होतं. ढमी साक्षीला होती, पण ती अजून बोलत नव्हती.

तिला पाजता पाजता एका हाताने मी अहवाल टाइप केला: काम पुढे ढकलावे.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, पगार देणाऱ्यालाच नाही म्हणताय?"

"त्यांनी पैसे पाहणीचे दिले होते ना?"

"हो."

"मग पाहिलं."

अहवाल आजोबांकडे गेला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही दिवशी नाहीत. कोणाकडे बघून बेताचं हसावं, मला कळेना. मग एका सकाळी ते घडीची खुर्ची घेऊन आले आणि बिळापासून बऱ्याच लांब मांडून बसले.

"ढमाबाई, तुझ्या आईनं फार वाईट बातमी दिली."

मी ढमीला पाठीवरून कडेवर घेतलं. "आजोबांना सांग, आईलाही फार वाईट वाटलं."

"तिला म्हणावं, पुसून टाक. अहवाल नव्हे गं. डोळे."

तेवढ्यात बिळातून एक चपटं डोकं बाहेर आलं, आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून आत गेलं. आजोबा तिकडेच बघत राहिले.

"ही पोरं आईला सोडतात तरी कधी?"

प्रश्न ढमीला होता. तिने माझी वेणी दोन्ही मुठींत घट्ट धरली.

"समजलं," आजोबा म्हणाले, आणि खुर्ची सावलीत सरकवली.