एक दिवसाआड

हातावरच्या परवाच्या चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं, आणि दादा ते नखानं आणखी सोलत बसला होता – लहानपणी गुडघ्यावरची खपली काढायचा तसा, कुणी रागावेल याचं भान नसल्यासारखा.

"नको रे, रक्त येईल," ती म्हणाली. त्याला पलंगावर निजवून तिनं सुया टोचल्या, नळ्या जोडल्या. डायलिसिसच्या या खोलीत ती परिचारिका. शेजारच्या पलंगावरचे निवृत्त न्यायाधीश तिला सिस्टर म्हणतात. "ही खरीच सिस्टर आहे माझी," असं दादानं पहिल्या दिवशी सांगितलं, तेव्हा ते खळखळून हसले होते.

न्यायाधीशांचं घर समोरच्या गल्लीत. रक्त शुद्ध करून घ्यायचं, हळूहळू चालत जायचं, संध्याकाळी नातीशी पत्ते कुटायचे... दुखणं तेच, यंत्रही तेच. पण आमच्या गावाकडे असं यंत्रच नाही, तिच्या मनात आलं – घाट उतरून अख्ख्या दिवसाचा प्रवास – म्हणून दादा वर्षभर माझ्या स्वयंपाकघरात चटईवर, आणि वहिनी तिकडे एकटी गुरांमागे. एक दिवसाआड मी त्याला इथे आणते. घरी त्याच्या पाण्यावर डोळा ठेवते. चोरून घोटभर प्यायला की त्याच्यावर ओरडते, मोठ्या भावावर! आणि तो पेला निमूट माझ्या हातात देतो, हे तर त्याहून...

"चिमे, मी गावी जातो."

"दोन दिवस?"

"नाही. जातोच."

"मग काय होईल, ठाऊक आहे ना?"

"आहे की. पण इथं तरी मी राहतो कुठं? नुसता येतो नि जातो."

न्यायाधीशांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, आणि पुन्हा तोंडासमोर धरलं.

ती नाही म्हणणार होती – शब्द ओठांवर होता – तेवढ्यात तिला स्वयंपाकघर दिसलं: चटई नसलेलं, मोकळं, पहाटे दिवा लावताना कुणाची झोप मोडेल ही धास्ती नाही, भांडं वाजलं तरी चालेल... किती हलकं! क्षणभरच. मग तिच्या लक्षात आलं, आपण अजून काहीच बोललेलो नाही. दादा तिच्याकडे बघत होता, ओळखल्यासारखा, आणि त्याच्या नजरेत राग अजिबात नव्हता.

"बोल की," तो मऊपणानं म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "नाही जायचं." आवाज हवा तेवढा ठाम आला होता, आणि तो आपला आहे की सिस्टरचा, हे तिला काही केल्या कळेना.