दाजींचं कपाट पाण्यात

सेबॅस्टियनने जन्मभर होड्याच केल्या होत्या, आणि उत्तनच्या किनाऱ्यावर त्याची एकही होडी कुणी परत आणून दिली नव्हती. त्यामुळे मीरा रोडहून दाजींनी फोन करून कपाट हलतंय असं सांगितलं, तेव्हा ही तक्रार आहे हेच त्याच्या ध्यानात आलं नाही. हलतंय म्हणजे बरंच झालं असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि तो जेवायला बसला.

त्याचा मुलगा नॅथन मात्र कपाळाला हात लावून बसला. फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडाची होडी कुणी सांगेना, म्हणून त्यानेच शेडवर ‘कस्टम फर्निचर’ अशी पाटी लावली होती. दाजी हे पहिलं गिऱ्हाईक. ते खूश झाले तर त्यांच्या बिल्डिंगमधली आणखी तीन घरं ऑर्डर देणार होती. नाही झाले तर शेड बर्फवाल्याला भाड्याने द्यायची, हे बापलेकांत ठरलं होतं. म्हणजे नॅथनने ठरवलं होतं आणि बापाने मान हलवली होती. सेबॅस्टियनला फर्निचरचं काही सोयरसुतक नव्हतं. पण त्या शेडमध्ये त्याच्या बापानेही होड्या केल्या होत्या, आणि तिथे बर्फ रचलेला बघायचा या विचाराने तो अर्ध्या ताटावरून उठला.

आता खरं सांगायचं तर चूक ऑर्डर घेतानाच झाली होती. सेबॅस्टियनने टेप खिशातून काढलीच नाही. टेप लावणं म्हणजे नजर गेल्याची कबुली देणं, असं त्याचं मत. भिंत किती, उंची किती, काही नाही. होडी सांगायला आलेल्या माणसाला तो जे विचारायचा तेच त्याने दाजींना विचारलं: माणसं किती आणि माल किती. दाजी रत्नागिरीचे, सरळ विचारलं की सरळ उत्तर देणारे. माणसं दोन, ते म्हणाले, आणि माल म्हणजे बायकोच्या, सुलूच्या साड्या आणि चार गाद्या. एवढ्यावर कपाट तयार झालं.

दुसऱ्या दिवशी सेबॅस्टियन सातव्या मजल्यावर पोचला. कपाट भिंतीशी उभं होतं, पण भिंतीला टेकलं नव्हतं. त्याची पाठ छान गोलाईने फुगली होती आणि तळ करवंटीसारखा होता. सुलूवहिनींनी दार उघडून एक साडी काढून दाखवली. कपाट वाकलं, मागे गेलं, पुन्हा वाकलं आणि चहा होईपर्यंत डुलत राहिलं. वहिनी म्हणाल्या की साडी निवडेपर्यंत त्यांना मळमळतं, त्यामुळे त्या हल्ली गाऊनवरच असतात.

सेबॅस्टियनने एक डोळा मिटून कपाट न्याहाळलं. त्याला त्यात काही वावगं दिसेना. रिकामं आहे म्हणून हलतंय, माल वाढवा, असा सल्ला त्याने दिला. दाजींनी माळ्यावरची सगळी पितळी भांडी आत रचली. मग कपाट सावकाश हलायला लागलं, पण रात्री भांडी वाजून शेजारचे उठू लागले. पाचरी मारून झाल्या, त्या निसटल्या. नॅथन फोनवरून सांगत होता की माफी माग आणि तळ बदलून दे. पण दाजी चारचौघांत म्हणाले की हे काम कच्चं आहे, आणि तिथे सेबॅस्टियनचं डोकं फिरलं.

“जमिनीवर तर होडीबी डुलते, दाजी,” तो म्हणाला. “पाण्यात घालून बघा. मग हाललं तर बोला.”

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. पण दाजी तक्रार धसास लावणारे होते. हे कपाट साक्षीदारांसमोर बुडालेलं बघायचंच, या ईर्ष्येने त्यांनी स्वतः टेम्पो ठरवला. ऑर्डर देणारी तिन्ही घरं सुट्टी बघून बरोबर निघाली. कुणीतरी वडापाव बांधून घेतले.

मुर्ध्याच्या खाडीला भरती होती. कपाट पाठीवर निजवलं, दारं वर. सेबॅस्टियनची बायको लूर्डस नॅथनबरोबर उत्तनहून आली होती, तिने प्रत्येक होडीला करायची तशी मेणबत्ती लावली आणि कपाटावर तीर्थ शिंपडलं. ढकलायची वेळ आली तेव्हा दाजींनी हात वर केला. तक्रार आपली आहे, तेव्हा हलतं की नाही हे आपणच आत बसून तपासणार, असं त्यांनी जाहीर केलं. सुलूवहिनींनी त्यांचा मोबाइल तेवढा काढून घेतला.

दोरी सैल सोडली आणि कपाट पाण्यात गेलं. ते जरासुद्धा हललं नाही. दाजी साड्यांच्या कप्प्यात ताठ बसले होते, आणि थेंबभर पाणी आत येत नव्हतं, कारण सेबॅस्टियनने सवयीने सगळ्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासून भरली होती. काठावरून जाणारा लवू कोळी थांबला आणि त्याने इंजिन कुठलं बसवणार, असं गंभीरपणे विचारलं. दाजी पार मधोमध गेले. महिनाभर आंबलेला त्यांचा चेहरा मोकळा झाला, आणि ते तिथूनच ओरडले की हलत नाही.

काठावर टाळ्या पडल्या. नॅथनच्या जिवात जीव आला. सेबॅस्टियनची छाती फुगली, आणि तशीच राहिली असती, पण त्याने एक डोळा मिटून पाण्याकडे बघितलं. होडीच्या नाळेसारखं पुढे निमुळतं झालेलं टोक, फुगलेलं पोट, पाण्याला नीट बसलेली कड. आपण कपाटच केलं असं त्याला इतके दिवस मनापासून वाटत होतं. त्याला एकदम फार एकटं वाटलं.

दाजी भिजलेल्या पायांनी वर आले आणि त्यांनी निकाल दिला. कपाट निर्दोष आहे, घराची लादी वाकडी आहे, आणि उद्याच बिल्डरकडे तक्रार जाणार. तिन्ही घरं अस्संच कपाट हवं म्हणून नॅथनला घेरून उभी राहिली. सेबॅस्टियनने फक्त गप्प राहायचं होतं, शेड वाचली होती. नॅथन त्याच्याकडे बघून डोळ्यांनी तेच सांगत होता.

“दाजी, तुमची लादी सरळ हाय,” सेबॅस्टियन म्हणाला. “माझा हात सरळ जात न्हाय. ही होडी झाली. मला दुसरं काय येत न्हाय.”

तिन्ही घरं हळूहळू पांगली. नॅथनने बापाकडे बघायचंही टाळलं आणि बर्फवाल्याला फोन करायला तो बाजूला गेला. सेबॅस्टियनने दाजींना सांगितलं की कपाट राहू द्या, मी घेऊन जातो. दाजींनी त्याचा हात झटकला. आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू आपल्याला पसंत पडली आहे आणि ती आपण परत देणार नाही, असं ते म्हणाले.

पुढच्या रविवारी सुलूवहिनी एकट्याच शेडवर आल्या. आत बर्फवाला माप घेत होता, नॅथन शेजारी उभा होता. वहिनी त्याला ओलांडून थेट सेबॅस्टियनपुढे उभ्या राहिल्या. हे सकाळपासून मुर्ध्याला कपाटात बसलेत, त्यांच्यासोबत बिल्डिंगमधले दोघे आपल्या पाळीची वाट बघत उभे आहेत, आणि माझ्या साड्या पिशव्यांत पडल्यात, असं त्यांनी एका दमात सांगितलं. त्या दोघांना स्वतःची होडी हवी होती, तीन माणसं बसतील अशी, आणि दाजींनी वल्हं अडकवायला जागा नाही अशी नवी तक्रार पाठवली होती.

“पण मला कपाट हवंय, सेबॅस्टियनभाऊ,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

सेबॅस्टियनने बर्फवाल्याच्या हातातली टेप काढून घेतली आणि नॅथनच्या हातात दिली.

“कपाट ह्याला सांगा, वैनी. हा सरळ करील,” तो म्हणाला. “मी होड्या करतो.”

नॅथनने वहिनींना भिंत किती लांब आहे ते विचारलं. बर्फवाला थोडा वेळ आपल्या टेपसाठी थांबला आणि मग निघून गेला.