ग्रीसखालची खरखर

"नको रे धुऊस! परवाच तर ग्रीस भरलंय," बोआसदादा ओरडला. "नुसतं बोटाने फिरवून बघ. लोण्यासारखं फिरतंय."

मी ऐकलं नाही. त्याच्या स्नोमोबाईलचं, म्हणजे बर्फावरच्या गाडीचं, बेअरिंग रॉकेलच्या डब्यात बुडवलं आणि ब्रशने घासत राहिलो. ग्रीस भरलेलं बेअरिंग बोटाला गुळगुळीतच लागतं. आतले छरे खराब झालेले असले तरी नवं ग्रीस ते झाकून टाकतं. म्हणून आधी धुवायचं, कोरडं करायचं आणि मगच फिरवून बघायचं. हे मला विशीपासून ठाऊक आहे. ठाऊक असून एकदा मी ते केलं नाही.

धुतलेलं बेअरिंग दादाच्या तळहातावर ठेवलं. त्याने फिरवलं. आत वाळू भरल्यासारखी खरखर आली.

"आयला! मी तर दर वसंतात न चुकता ग्रीस भरतो."

"म्हातारं झालंय, दादा. बदलायला हवं."

"म्हणजे तुझ्यासारखंच की, टायटस," म्हणत तो हसला आणि माझ्या वर्कशॉपमधल्या लाकडी खोक्यावर टेकला. दादा एकाहत्तरचा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. अजूनही स्वतःची लाकडं स्वतः स्नोमोबाईलवर ओढून आणतो.

मी खणातून दोन बेअरिंगं काढली. एक दोन्हीकडून रबरी झाकणाने बंद. दुसरं एका बाजूने उघडं, म्हणजे बाहेरून भरलेलं ग्रीस आत पोचतं.

"हे बंद असलेलं घालू? पाणी शिरायला नको नि तुला ग्रीसची कटकटही नको."

"उघडं घाल. ग्रीस मी भरणारच."

"दादा, या वयात कशाला गाडीखाली वाकतोस?"

"घाल म्हटलं ना." त्याने मान फिरवली. "एकदा भरलं नाही, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे."

आमच्याकडे बर्फाचा हंगाम संपला की गाडी झाकून ठेवण्याआधी ग्रीस भरायचं असतं. आत शिरलेलं पाणी त्याने बाहेर पडतं आणि उन्हाळाभर गंज चढत नाही. बरेच जण टाळाटाळ करतात. दादा मात्र इतकं भरतो की गाव त्याची टिंगल करतं, बोआसची गाडी पेट्रोलवर नाही, ग्रीसवर चालते म्हणून. पूर्वी तो असा नव्हता.

अकरा वर्षांपूर्वी आईची शेवटची घटका आली, तेव्हा दादा खाडीच्या आत, साठ मैलांवर लाकूडतोडीला गेला होता. मी रेडिओवरून निरोप दिला. तो तसाच निघाला. वाटेत बेअरिंग जाम झालं, गाडीखालचा पट्टा फिरेना. उरलेली वाट तो बर्फातून चालत आला. आई दोन तास आधी गेली होती. शेवटपर्यंत तिची नजर दाराकडे होती. दादाच्या भुवयांवरचं बर्फही वितळलं नव्हतं, आणि मी त्याला विचारलं, "गेल्या वसंतात ग्रीस भरलं होतंस का?"

भरलं नव्हतं. "म्हणजे माझ्यामुळेच," तो म्हणाला. मी त्याला तसंच समजू दिलं. माझ्या हातून झालेली ती सगळ्यांत नीच गोष्ट.

आज मात्र ते उघडं बेअरिंग हातात धरवेना.

"दादा, ते ग्रीसमुळे झालं नव्हतं."

"काय?"

"आई गेली त्याआधीच्या शरदात तुझी गाडी मीच खोलली होती. खणात नवं बेअरिंग एकच उरलं होतं आणि सामानाचं पुढचं जहाज थेट उन्हाळ्यात. ते मी माझ्या गाडीसाठी ठेवलं. तुझं जुनंच ग्रीस भरून परत बसवलं. न धुता. बोटाला चांगलं लागलं, मी मनाची समजूत घातली."

दादा खोक्यावरून उठला. मग म्हणाला, "लागलं का ते तुझ्या गाडीला?"

"नाही. जहाज येईपर्यंत खणातच पडून होतं."

"दर ईस्टरला सगळं गाव दफनभूमीत जातं नि मी फाटकाबाहेर उभा राहतो. कुठल्या तोंडाने आईसमोर जाऊ म्हणून. तुला कळत होतं ते?"

"कळत होतं."

त्याने माझ्या हातातलं बेअरिंग काढून घेतलं आणि खणात टाकलं. "दोन्हीकडून बंद आहे ते घाल," तो म्हणाला.

काम होईपर्यंत तो माझ्याकडे पाठ करून बसला. माझी बायको तबिया दारात आली. "भाऊजी, चहा झालाय. ताजा पाव पण आहे."

"आज नको," दादा म्हणाला आणि गाडी चालू करून गेला. नुसत्या इंजिनाचा आवाज येत होता, खरखर कसलीच नाही. काम मी चोख केलं होतं. त्याचा आनंद झाला नाही.

तीन आठवड्यांनी ईस्टर आला. पहाटे चर्चचा बँड वाजला, लोक दफनभूमीची टेकडी चढू लागले. दादा काठी टेकत सगळ्यांबरोबर फाटकातून आत गेला. आईच्या थडग्यापाशी टोपी काढून उभा राहिला. खांदे हलताना मला लांबून दिसले.

"चला ना," तबिया फाटकाबाहेर माझी बाही ओढत म्हणाली. "थांबलात का?"

"तू हो पुढे," मी म्हणालो.