कैदाशिणीची मोजणी

माझी ताई नाकावर माशी बसू देत नाही, आणि पोटापाण्याला धंदा निवडला तो मधमाश्यांचा. आमच्या संशोधन केंद्रात ती शास्त्रज्ञ आणि मी तिच्या हाताखाली पेट्या उघडणारी तंत्रज्ञ. धाकटी म्हणून घरी जी बोलणी फुकट खायची, ती इथे पगार घेऊन खाते.

गेली दोन वर्षं आमच्या पेट्या एकेक करून मरत होत्या. माशीच्या अंगाला चिकटून तिला शोषणारा एक तांबडा किडा असतो. आम्ही त्याला गोचीडच म्हणतो. ती लागली की पिल्लं चुरगळलेल्या पंखांची निघतात, आणि त्यांच्याच बहिणी त्यांना तंगडी धरून दाराबाहेर फेकतात. रोज सकाळी ती मढी झाडायचं काम माझं.

एकच पेटी या सगळ्याला पुरून उरली होती. तिच्या माश्या गोचिडी पकडून त्यांचे पाय तोडत. तळाची फळी ओढली की चावून टाकलेल्या गोचिडींचा सडा. पण जितकी निरोगी तितकीच खुनशी. मागच्या आठवड्यात तिने चौकीदाराचा कुत्रा साखळीला बांधलेला असतानाच मारला. मी तिचं नाव कैदाशीण ठेवलं. खरं सांगायचं तर ते नाव मला आधी ताईसाठी सुचलं होतं.

कुत्रा मेला तेव्हा आमचे साहेब, म्हणजे केंद्रप्रमुख, ताईला म्हणाले, "आता आणखी कुणाला चावल्या तर पेटी जाळायची. मी ऐकून घेणार नाही."

"साहेब, गोचिडीला पुरून उरणारी ही एकच राणी आहे आपल्याकडे."

"असं तुम्ही म्हणता. आकडा कुठाय?"

त्या आकड्यासाठी ताईने राणीला तीन आठवडे लहानशा पिंजऱ्यात घालून पेटीतच कोंडलं होतं. अंडी थांबली की पेटीत पिल्लं उरत नाहीत, गोचिडींना लपायला जागा उरत नाही, आणि असतील नसतील तेवढ्या माश्यांच्या अंगावर येतात. मग वाटीभर माश्या स्पिरिटच्या बरणीत बुडवायच्या, बरणी खळखळून हलवायची आणि गळलेल्या गोचिडी मोजायच्या. त्या माश्या मरतात, पण वाटीभर गेल्याने पेटीचं काही बिघडत नाही. मोजणी झाली की राणी मोकळी करायची आणि तिच्या अंड्यांतून नव्या राण्या वाढवून बाकीच्या पेट्या सावरायच्या. ताईचा सगळा जीव या बेतात अडकला होता.

मोजणीच्या दुपारी राणी धडधाकट आहे ना, हे बघायला मी पिंजरा वर उचलला. तिच्या पाठीवर ओळखीसाठी लावलेला हिरवा ठिपका दिसला, आणि त्याच क्षणी माझ्या अंगठ्याखाली एक माशी चिरडली. चिरडलेल्या माशीचा वास म्हणजे बाकीच्यांना सरळ हाक. सगळी पेटी माझ्यावर उसळली. तोंडावरच्या जाळीची चेन बोटभर उघडी राहिली होती. तेवढी वाट त्यांना पुरली. पहिला डंख पापणीवर, दुसरा ओठावर, ओरडायला तोंड उघडलं तर तिसरा जिभेवर. हातातून पिंजरा सुटला, त्याचं झाकण उघडलं, आणि राणी पोळ्याच्या फ्रेमवर उतरून माश्यांच्या गर्दीत शिरताना मी पाहिली. मी एकटीनेच. रिकामा पिंजरा तळाशी गेला.

मी गालफडात मारून घेत पळाले आणि वाटेतच कोसळले. इतकी वर्षं डंख खाल्ले, कधी काही झालं नव्हतं. या वेळी छातीच आवळली. ताईने मला फरफटत प्रयोगशाळेत आणलं, मांडीत इंजेक्शन खुपसलं आणि बाकावर टाकलं. त्यानंतरचं काही मला आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा उशाशी चौकीदार बसला होता. म्हणाला, "पडून राहा, ॲम्ब्युलन्स येतेय. साहेबांनी पेटी जाळायला सांगितलीय. ताई म्हणाल्या, आधी आकडा दाखवते. बरणी घेऊन पेटीकडे गेल्यात."

मी उठायला गेले तर खोली गरगरली. बोलायला गेले तर तोंडात जिभेचा नुसता गोळा. तेवढ्यात दारातून ताई आली. अंगावर अजून जाळी, जाळीवर चिकटलेल्या माश्या, आणि दोन्ही हातांत ती बरणी. ती दात खाऊन बरणी हलवत होती. आतून खळखळ ऐकू येत होती. सख्खी बहीण इथे घरघरतेय आणि ही बाई मोजणी करतेय, याचा मला असा संताप आला की क्षणभर राणीचाही विसर पडला.

"अं," मी हात हलवला. "अं, अं."

"झालंच. गाडी येतेय. गप पड," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ केली.

तिने बरणी गाळणीत ओतली. साहेब तिच्या मागोमाग येऊन उभे होते. खालच्या स्पिरिटवर वाकून तिने एकदा पाहिलं, भिंग घेऊन पुन्हा पाहिलं.

"शून्य," ती म्हणाली. "बघा तुम्हीच. एक गोचीड दाखवा मला."

साहेबांनी बराच वेळ पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "नाही जाळत."

ताई हसली. दोन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी टेबलाचा आधार घेत गाळणीपाशी गेले. एका डोळ्याची फट उरली होती, तीही पुरली. ओल्या मेलेल्या माश्यांत एक लांब पोटाची होती. पाठीवर हिरवा ठिपका. मला गप्प बसता आलं असतं. जीभच सुजलेली, कुणी दोष दिला नसता. पण मला ताईचा राग आला होता. मी चिमट्याने राणी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

ताईने ठिपका पाहिला. मग माझ्या सुजलेल्या गालावर इतक्या जोरात मारलं की मी बाकावर आदळले. फुटलेल्या ओठातून रक्त गळून शर्टावर पडलं.

"पिंजऱ्यात होती ती," ती म्हणाली. "पिंजऱ्यात होती ना?"

मी मान हलवली. नाही.

साहेब चाचरत म्हणाले, "तिची अंडी असतील ना आत?"

"तीन आठवडे कोंडली होती मी तिला," ताई म्हणाली. "एक अंडं नाही."

दाराशी गाडी लागली. स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, "सोबत कोण येतंय?"

ताईने खिडकीतून पेटीकडे पाहिलं. मग मूठ मिटून ती माझ्यामागे निघाली.

"मी येते," ती म्हणाली. "इथे आता काय राहिलंय."