शिकाऊ विमानाची डावी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनं जेट विमान आहे. नाव किरण, म्हणून बोलतो आपला पोरासारखा. आधीच सांगून टाकतो, मी आयुष्यात एकही बॉम्ब टाकला नाही. जालन्यात माझी किंमत गेली ती तेवढ्यावरूनच.

माझं काम शिकवण्याचं. शिकाऊ पोरगा माझ्या डाव्या खुर्चीत बसायचा आणि गुरुजी त्याच्या शेजारी, उजवीकडे. माझ्या जातीची विमानं तीन प्रकारची, म्हणजे आम्ही तिघे भाऊ. मी थोरला, माझे पंख मोकळे. मधल्याच्या पंखांखाली शस्त्रं टांगायची सोय झाली. धाकट्याला तर इंजिनच दांडगं मिळालं. शिकाऊ पोरं चुकायची, मला धावपट्टीवर दाणकन आपटायची. मी मुकाट सोसायचो.

त्यातलाच एक अंबड तालुक्यातला मच्छिंद्र. चाकं जमिनीवरून सुटली की हळूच "आई गं!" म्हणायचा. पुढे दुसऱ्याच एका विमानाच्या अपघातात तो गेला. त्याच्या आईला, साळूबाईंना, बंद पेटी मिळाली. लेकाचं तोंडही दिसलं नाही.

मी म्हातारा झाल्यावर मला जालन्याच्या एका चौकात चौथऱ्यावर चढवलं. खाली मच्छिंद्रचं नाव लिहिलं. उद्घाटनाला गावचा पुढारी आला, माझ्यात चढायला शिडी लावली होती. साळूबाई पुढाऱ्याला म्हणाल्या, "साहेब, माझं लेकरू बसल्तं तिथं एकडाव बसू द्या. दुसरं काई न्हाई मागत."

"बसा की मावशी! जरा फोटो होऊ द्या."

पुढाऱ्याचे नातू बसले, मेहुणे बसले, हारवालासुद्धा बसला. मग शिडी गेली आणि माझ्या डोक्यावरची काच कायमची बंद केली. आग लागो त्या फोटोंना!

साळूबाई बाजाराला आल्या की चौकात थांबायच्या. हात माझ्या चाकापर्यंतच पोचायचा. तेवढंच पदरानं पुसून जायच्या. बाकीच्यांनी माझ्या नाकाला वाढदिवसाचे बॅनर बांधले.

"लढाईत किती पाडली यानं?" कुणी विचारायचं.

"एक बी न्हाई. शिकाऊ हाय."

"मंग कशाला ठिवलं?"

असं म्हणता म्हणता मला उतरवून भंगारात दिलं. तिथं आता पुढाऱ्याच्या वडिलांचा पुतळा आहे. त्यांनी किती विमानं पाडली, ते मात्र कुणी विचारत नाही.

साळूबाई शोधत शोधत भंगाराच्या दुकानात आल्या. दुकानदार अप्पाराव म्हणाला, "चढा मावशी, आता शिडी बी लागत न्हाई."

त्या आत आल्या. पण दोन्ही खुर्च्या आधीच पुढाऱ्याच्या फार्महाऊसवर गेल्या होत्या. काचही निघाली होती, नुसता पत्रा उरला होता.

"कोन्या अंगाला बसायचा वो माझा मच्छिंद्र?"

अप्पारावला काय ठाऊक! त्यानं उजवीकडे बोट दाखवलं. साळूबाईंनी तिथला पत्रा पुसला आणि फतकल मारून बसल्या. "हितंच बसायचा माझा राजा," म्हणत पत्र्यावरून हात फिरवत राहिल्या.

डावीकडे, मावशी, डावीकडे! मी आतल्या आत ओरडत होतो. त्या उठल्या, समाधानानं घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मला कापलं.

मित्रांनो, वस्तू जपा वगैरे मी सांगत बसणार नाही. शिडी लावलेली असते, तेव्हा आधी कुणाला चढवायचं, एवढं शिका. मी जन्मभर शिकवलं, पण हे काही कुणाला शिकवता आलं नाही.