डाव्या स्पीकरवरचा आळ

मित्रांनो, आम्ही दोघे भाऊ आहोत, पण तुमच्याशी बोलतो आहे तो मी, डावीकडचा. आम्ही गाणी ऐकवणारे जुने स्पीकर. वयाने मी तुमच्या वडिलांच्या बरोबरीचा असेन. माझे अंग लाकडाचे, तोंडावर काळे कापड आणि आत कागदाचा एक पातळ पडदा. तो थरथरला की माझा आवाज निघतो.

आमच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा छापखान्यात मशिनमन होते. तिथे यंत्रांचा खडखडाट इतका असे, की माणसे एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत. अशा माणसाला घरी आल्यावर शांतता हवी असेल असे तुम्हाला वाटेल. अण्णांना गाणे हवे असे. त्यांनी एकेक सुटा भाग जमवला, ओळखीच्या सुताराकडे सलग सात रविवार बसून राहिले आणि आमची खोकी करून घेतली. सुताराने पेन्सिलीने माझ्या पोटात ‘डावा’ आणि भावाच्या पोटात ‘उजवा’ असे लिहिले. भाऊ खिडकीजवळ उभा राहिला, मी कोपऱ्यात. समोर अण्णांची वेताची खुर्ची.

आमचे खूप कौतुक झाले. शेजारचे शिंपीकाका डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, “अण्णा, गाणाऱ्या बाईंना पडद्यामागे बसवलंय की काय?” अण्णा हसून माझ्या डोक्यावर थोपटत. खरे सांगतो, भावापेक्षा मलाच जास्त थोपटत.

मग अण्णा निवृत्त झाले. एका संध्याकाळी त्यांनी गाणे मध्येच थांबवले. उठून माझ्यापाशी आले, वाकून कान लावला, पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

“अगं, ऐकलंस का? डाव्याचा घसा बसलाय.”

“मला तर काही कळत नाही,” आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. आई म्हणजे अण्णांची बायको. घरातली मुले त्यांना आई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

दुसऱ्या आठवड्यात दुरुस्तीवाला आला. त्याने माझी पाठ उघडली, पडदा बोटाने दाबून पाहिला, तारा बदलल्या. “अण्णा, तुमचा डावा ठणठणीत आहे,” तो म्हणाला. अण्णांनी मान हलवली, पण तो गेल्यावर पुटपुटले, “याला काही येत नाही. नाहीतर आतलं काहीतरी काढून नेलं असणार.” माझ्या पोटातून काही गेले असते, तर मला कळले नसते का?

त्याच सुमारास घरात सूनबाई आली. मुलगा नोकरीमुळे महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असे, म्हणून घरात ही तिघेच. सूनबाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिची पुस्तके फार, म्हणून तिने दाराजवळचे कपाट सरकवून माझ्या शेजारी आणले. अण्णांना तेवढे निमित्त पुरले. डावा बसला तो कपाटामुळे, नाहीतर तिच्या झाडूचा धक्का लागल्यामुळे, नाहीतर ती नाही म्हणत असली तरी तिने मला हलवल्यामुळे. अण्णांनी एक दिवस खडू आणला आणि आम्हा दोघांच्या पायांभोवती फरशीवर रेघा ओढल्या. रोज संध्याकाळी ते खाली वाकून पाहत. आम्ही जागचे हललेले नसायचो, तरी त्यांचे समाधान होत नसे.

मीही काही साधा नव्हतो, मित्रांनो. मीसुद्धा सूनबाईवर डोळा ठेवला. ती जवळून गेली की अंग चोरायचो. नंतर भावाचाही संशय येऊ लागला. मी कमी पडतो असे वाटावे म्हणून हाच मुद्दाम जोर लावत नसेल ना? आणि रोज रोज तेच ऐकून शेवटी मला स्वतःचाच भरवसा वाटेना.

एका रविवारी सकाळी सूनबाई चहाचे कप घेऊन आली. अण्णा खुर्चीतून तिच्याकडे न बघता म्हणाले, “तू आल्यापासून डावा बिघडलाय.”

तिने कप खाली ठेवले. “अण्णा, मी त्याला हात लावलेला नाही,” एवढेच म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी कोणी धड जेवले नाही.

पुढच्या रविवारी तिने एका मैत्रिणीकडून मागून आणलेली एक पेटी उघडली. आत एक मायक्रोफोन होता, पेन्सिलीएवढा बारीक. तिने तो तिकाटण्यावर चढवून खुर्चीत, बरोबर अण्णांच्या कानाच्या उंचीवर उभा केला आणि लॅपटॉपला जोडला.

“हे काय आता?” अण्णांनी विचारले.

“खोली मोजायची. प्रत्येक खोली आवाजात आपलं काहीतरी घालते, अण्णा. कुठे फुगवते, कुठे गिळते. हे सॉफ्टवेअर ते मोजतं आणि तेवढं आधीच वजा करून आवाज पाठवतं.”

“खोलीचा काय दोष? खोली इतकी वर्षं तीच आहे.”

“म्हणूनच मोजू या. मोजल्याशिवाय आम्ही पाण्यालासुद्धा गढूळ म्हणत नाही.”

पंखा बंद झाला. फ्रिजही बंद झाला. आईंनी पदर तोंडावर धरला, कारण अशा वेळी त्यांना हमखास खोकला येतो. मग माझ्या घशातून एक विचित्र सूर निघाला. खोल घुमण्यापासून सुरू होऊन तो चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत गेला. माझ्यानंतर भावाचे तेच. मायक्रोफोन जरा सरकवला, पुन्हा तेच. असे नऊ वेळा. तो मायक्रोफोन मला मुळीच आवडला नाही. बोलत नव्हता, डोलत नव्हता, नुसता ऐकत होता. मला वाटले, हा माझी कुंडली लिहितो आहे आणि ही वाचली की माझी रवानगी भंगारात.

लॅपटॉपच्या पडद्यावर दोन नागमोडी रेघा उमटल्या. सूनबाईने आईंना जवळ बोलावले.

“हा बघा, इथे उंचवटा आहे. डावा कोपऱ्यात आहे ना, म्हणून जाड आवाज तिथे फुगतो. बाकी दोघं अगदी सारखे आहेत. डाव्यात काही खोट नाही.”

मित्रांनो, दोन वर्षांत दुरुस्तीवाल्यानंतर माझ्या बाजूने बोललेले ते दुसरेच माणूस. आणि याच सूनबाईपासून मी अंग चोरत होतो!

तिने सॉफ्टवेअर चालू करून अण्णांचे आवडते गाणे लावले. माझ्या अंगात एक बदल मला जाणवला. जिथे मी कोपऱ्याच्या आधाराने उगाच घुमत असे, तिथे कोणीतरी मला हळूच आवरत होते. आई म्हणाल्या, “अगंबाई, आज शब्द न् शब्द कळतोय!”

अण्णा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “घुमायचा थांबला, खरंय. पण डावा बसलेलाच आहे. उलट तुझ्या यंत्राने त्याला आणखी दाबलाय.”

“नाही अण्णा. बंद करून दाखवते.”

“चालू कधी, बंद कधी, मला काय कळतंय! रेघा तू काढणार, बटणं तू दाबणार.” त्यांचा आवाज चढला. “नकोतच हे दोन्ही. भंगारवाल्याला बोलवा.”

ज्यांनी सात रविवार सुताराकडे बसून मला घडवले, तेच हे बोलत होते.

सूनबाईचे डोळे भरले, पण ती जागची हलली नाही. “बोलावते. त्याआधी एकच करा. खुर्ची उलटी फिरवून बसा.”

“म्हणजे मी पाठ करायची, आणि तू मागे काय करणार?”

“आई माझ्याजवळ उभ्या राहतील. मी एकाच माणसाचं बोलणं दोन्हींतून सारखं लावते. ज्या बाजूने कमी येईल तो हात वर करा.”

आई येऊन उभ्या राहिल्या. अण्णा कुरकुरत भिंतीकडे तोंड करून बसले. आम्ही दोघे एकच आवाज बोलू लागलो. अण्णांनी लगेच डावा हात वर केला.

पण आता त्यांच्या डाव्या हाताला मी नव्हतोच. तिथे माझा भाऊ होता.

अण्णांनी मान वळवून पाहिले, पुन्हा भिंतीकडे पाहिले. हात तसाच वर राहिला. “हा तर बरा होता,” ते हळू म्हणाले. सूनबाईने आवाज बंद केला.

आई पुढे झाल्या. “अहो, डाव्या बाजूने हाक मारली की तुम्ही ओ देत नाही. कधीपासून. मला वाटायचं, माझ्यावर राग धरून बसलाय.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

अण्णा उठले. मोरीतून ओले फडके आणले, गुडघे टेकून बसले आणि आमच्या पायांभोवतीच्या खडूच्या रेघा पुसू लागले. सूनबाई “राहू द्या, मी पुसते,” म्हणाली, तर म्हणाले, “नको. मी काढल्यात.” फरशीकडे बघतच पुढे म्हणाले, “तुला बोललो ते चुकलं माझं.”

कानाच्या डॉक्टरांकडे सूनबाईच त्यांना घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारले, छापखान्यातले यंत्र कोणत्या बाजूला असायचे? तीस वर्षे डाव्या बाजूला, अण्णा म्हणाले. गेले ते परत येणार नाही, पण राहिले आहे ते सांभाळता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले. आता अण्णा कानात एक छोटे यंत्र घालतात आणि त्याच्यावरही संशय घेतात. रोज एकदा तरी काढून, फुंकर मारून बघतात.

सूनबाई म्हणाली, “तुमच्यासाठी डावा थोडा चढवून ठेवू?” अण्णांनी विचार केला. “मग बाकीच्यांना वाकडं ऐकू येईल. हिलाही.” त्यांनी वेताची दुसरी खुर्ची आणून आपल्या उजव्या हाताला ठेवली आणि सूनबाईने दोन खुर्च्यांच्या हिशेबाने खोली पुन्हा मोजली. आई आता स्वयंपाकघरातून गाणे ऐकत नाहीत.

त्या सॉफ्टवेअरवर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. मला आवरणारा तो कोण, हे कोडे मला सुटत नाही. पण त्याने माझ्याबद्दल खोटे सांगितले नाही, हे मी मान्य करतो.

मित्रांनो, मोठ्या आवाजाजवळ राहायची वेळ आली तर आपले कान जपा. स्पीकरचा पडदा बदलता येतो, तुमचे कान तसे बदलता येत नाहीत. आणि घरातले कोणी हाकेला ओ देईनासे झाले, तर रुसू नका, हसू नका. त्यांच्या समोर जाऊन बसा, “ऐकू आलं का?” असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.